प्रकल्प नोंदी: पावतीपुस्तकातले देणगीदार (एप्रिल ते डिसेंबर २०२५)

१ एप्रिल २०२५, मंगळवार

नवीन आर्थिक वर्ष आजपासून म्हणून ही फाइलही आजपासूनच. काल रात्री साडेअकरापर्यंत देणग्या येत होत्या, लोक फोन करून विचारत होते की पावती ३१ मार्चचीच मिळेल ना, आणि आज ऑफिसात एकदम शांतता.

पुढे कोणी हे वाचलं तर कळावं म्हणून थोडी पार्श्वभूमी. आमचं ऑफिस पुण्यात दोन खोल्यांचं, काम बीड जिल्ह्यात. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतल्या मुलांसाठी हंगामी वसतिगृह चालवतो. दिवाळीच्या आसपास टोळ्या निघतात, कोल्हापूर, सांगली, सातारा, काही कर्नाटकात, आणि मार्च-एप्रिलला परततात, नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो आणि मुकादमाची उचल (आगाऊ पैसे) घेतलेली असते त्यामुळे दोघांनाही जावंच लागतं, मग पोरं एकतर फडावर जातात नाहीतर गावात आजीपाशी, नाहीतर आमच्याकडे. म्हणजे आमचा खर्च सगळा ऑक्टोबर ते मार्च आणि पैसे येतात मार्चच्या शेवटच्या पंधरवड्यात. मधले महिने किराणावाल्याच्या उधारीवर.

यावर्षी मुलींसाठी वेगळ्या खोल्या आणि न्हाणीघरं बांधायची आहेत, अंदाज ३८ लाखांचा. विश्वस्तांच्या मीटिंगमध्ये ठरलं की मोठे देणगीदार शोधायचे. एक विश्वस्त काका म्हणाले बिल्डर आणि कारखानदारांची यादी मिळवा. मी म्हटलं, काका, त्याआधी आपल्याला आठ वर्षांत कोणी कोणी पैसे दिलेत ते तरी एकदा नीट बघूया ना. ताईंनी (संस्था त्यांनीच सुरू केली, सगळे ताईच म्हणतात) ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "बघ तू. पण फक्त आकडे आणू नकोस, माणसं आण."

४ एप्रिल

माहिती कुठे कुठे पडलीये ते आज गोळा केलं. हाताने लिहिलेली ५३ पावतीपुस्तकं, टॅलीतल्या नोंदी, बँकेची स्टेटमेंट्स, ऑनलाइन देणगीच्या पेमेंट गेटवेची फाइल, आणि २०२१-२२ पासून दरवर्षी आयकर खात्याला भरतो ते फॉर्म १० बीडी. यातलं १० बीडी सगळ्यात स्वच्छ कारण त्यात नाव, पत्ता, पॅन किंवा आधार, रक्कम, पैसे कसे आले हे सगळं द्यावंच लागतं. सगळ्यात वाईट म्हणजे यूपीआयच्या नोंदी, अर्धवट नाव आणि लांबलचक आकडा, बास.

पण खरी गंमत पावतीपुस्तकांत निघाली. टॅलीमध्ये लिहिलंय फक्त "देणगी १,१०१ रोख", आणि त्याच पावतीची कार्बन कॉपी काढली तर उजव्या कोपऱ्यात तिरकं, फिकट निळ्या अक्षरात लिहिलेलं, "कै. आईच्या स्मरणार्थ, मुलींच्या वह्यांसाठी". अकाउंट्सच्या काकूंची सवय, कोणी काही बोललं की त्या कोपऱ्यात लिहून ठेवायच्या. माणूस पैसे का देतोय हे आपल्याला इतकी वर्षं माहीत होतं, फक्त ते कार्बनच्या कोपऱ्यात राहिलं आणि कॉम्प्युटरपर्यंत कधी आलंच नाही.

ठरवलं की सगळे कोपरे टाइप करायचे. दोन कॉलेजच्या मुली पुढच्या आठवड्यापासून येतील, शीटमध्ये "कोपरा" नावाचाच कॉलम केलाय.

१४ एप्रिल

आज सुट्टी होती तरी घरी बसून नावं जुळवली. एकूण सात हजारांच्या वर ओळी, पण माणसं किती हा प्रश्न. मराठी नावांचं म्हणजे एकच माणूस पावतीवर देवनागरीत पूर्ण नाव, बँकेत इंग्रजी आद्याक्षरं आणि आडनाव, गेटवेवर फक्त पहिलं नाव. देशपांडेंचं स्पेलिंग चार प्रकारे, चौधरींचं पाच. त्यात श्री., सौ., डॉ., ॲड. हे कधी नावाच्या आधी तर कधी नावातच चिकटलेलं. ओपनरिफाइन नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये सारखी दिसणारी नावं एकत्र येतात आणि ते फुकट आहे, पण शेवटचा निर्णय माणसालाच घ्यावा लागतो कारण एकाच सोसायटीत राहणारे दोन एस. कुलकर्णी हे बाप-लेक असू शकतात.

पॅनचा खूप उपयोग झाला. पॅनचं चौथं अक्षर सांगतं की हा कोण आहे, पी म्हणजे व्यक्ती, सी कंपनी, टी ट्रस्ट, एच हिंदू अविभक्त कुटुंब. आणि व्यक्ती असेल तर पाचवं अक्षर आडनावाचं पहिलं अक्षर. म्हणजे पाटील लिहिलंय आणि पाचवं अक्षर एम आलं तर कुठेतरी चूक आहे असं धरून मी लाल रंग लावत गेले.

१७ एप्रिल

लाल रंगाच्या ओळी तपासल्या. बऱ्याच ठिकाणी खरंच टायपिंगची चूक होती, ओ आणि शून्य, एस आणि पाच. पण जवळपास निम्म्या लाल ओळी बायकांच्या, आणि तिथे चूक काहीच नव्हती! लग्नाआधी काढलेलं पॅन तेच राहतं, नाव बदललं तरी नंबर बदलत नाही, त्यामुळे पाचवं अक्षर माहेरच्या आडनावाचं. म्हणजे आमच्याकडे २०१८ मध्ये "कु." म्हणून नोकरीच्या पहिल्या पगारातून पैसे देणारी मुलगी आणि २०२३ मध्ये "सौ." म्हणून नव्या पत्त्यावरून देणारी बाई एकच आहे आणि आम्ही तिला नवीन देणगीदार समजून "संस्थेचा परिचय" पाठवत होतो. जी बाई सात वर्षं आपल्याबरोबर आहे तिला आपण ओळखलंच नाही याचं फार वाईट वाटलं. अशा १९ जणी सापडल्या, सगळ्यांच्या ओळी जोडल्या.

२९ एप्रिल

नावं जुळवून झाली. दोन हजार तीनशेच्या आसपास माणसं आणि संस्था. "एक हितचिंतक" नावाच्या पावत्या वेगळ्या काढल्या. ज्यांना नाव छापलेलं नकोय त्यांचं आपण छापू नये हे बरोबरच, पण आपल्या रजिस्टरमध्ये नाव-पत्ता हवाच, नाहीतर ते निनावी दान धरलं जातं आणि अशी रक्कम एकूण देणग्यांच्या ५ टक्के किंवा १ लाख यातलं जे जास्त त्याच्या वर गेली तर वरच्या रकमेवर ३० टक्के कर. काकूंना सांगितलं, पावतीवर हितचिंतक लिहा, रजिस्टरमध्ये माणूस लिहा.

१२ मे

आरएफएम केलं. म्हणजे शेवटची देणगी कधी, किती वेळा दिली, किती रकमेची, या तिन्हींना गुण आणि त्यांची बेरीज. जगभर धर्मादाय संस्था हेच करतात आणि एक्सेलमध्ये अर्ध्या दिवसात होतं.

वरची २० नावं बघून समाधान झालं नाही. एक कंपनी, जिने सीएसआरचे (कंपन्यांच्या सामाजिक खर्चाचे) पैसे दोनदा दिले आणि नंतर त्यांचा भर दुसऱ्या विषयावर गेला. एका लग्नात अहेराऐवजी आलेली रक्कम, जी नवऱ्या मुलाच्या एकट्याच्या नावावर पडली. कोविडच्या काळात किराणा किटसाठी आलेले मोठे चेक, ती माणसं नंतर आलीच नाहीत. गुण रकमेला जास्त मिळतात त्यामुळे एकदाच मोठं देणारे वर आणि आठ वर्षं न चुकता ५०१ देणारे पार खाली.

शेवटी एक असलेल्या रकमा हा स्वतंत्र कॉलम केला. ५०१, १,१०१, २,००१, ११,००१ अशी रक्कम देणारा मनात काहीतरी प्रसंग धरून देतो, वाढदिवस, स्मरण, नवस फेडल्यासारखं. मार्चमध्ये येणारे १०,०००, २५,००० हे बहुतेक करबचतीचे. दोन्ही चांगलेच, पण बोलायचं वेगळं. आणि करबचतवाल्यांच्या बाबतीत २०२३-२४ पासून नवीन कर पद्धत आपोआप लागू असते आणि तिच्यात ८० जीची, म्हणजे देणगीवरची, वजावट नाही, त्यामुळे आमच्या पत्रकातली "५० टक्के वजावट" ही ओळ बऱ्याच जणांना आता लागूच होत नाही. पत्रकात सगळ्यात वर तीच ओळ आहे! बदलायला सांगितली.

१९ मे

आज दिवसभर एकाच गोष्टीवर अडकले. वर्षनिहाय किती वेळा दिलं याचा पिव्होट काढला, २०१९-२० ते २०२४-२५, तर २७ ओळी अशा निघाल्या की आकडे तंतोतंत सारखे: २, ०, १, २, ०, २. सत्तावीस वेगवेगळी माणसं, पुणे, नाशिक, डोंबिवली, एक इंदूरचे, एकमेकांशी काही संबंध नाही. शीटने त्यांना दोनदा "गळालेले" ठरवलं, आणि २०२२-२३ मध्ये "देणगी दुप्पट केलेले". २०२०-२१ च्या शून्याला मी कोविड म्हणून सोडून दिलं होतं. मग २०२३-२४ ला काय झालं?

२० मे

यादीतल्या नाशिकच्या काकांना फोन केला. सत्तरीच्या पुढचे, बँकेतून रिटायर्ड. मी म्हटलं, काका, पैशांसाठी फोन नाही केला, फक्त विचारायचं होतं की २०२३-२४ मध्ये तुमची देणगी दिसत नाही, आमच्याकडून काही चुकलं का? ते थोडं थांबले आणि म्हणाले, "अहो ताई, मी तर एकही पाडवा सोडलेला नाही."

पाडवा!

फोन ठेवून तारखा काढल्या. गुढीपाडवा २०१९ मध्ये ६ एप्रिलला, २०२० मध्ये २५ मार्चला, दोन्ही एकाच आर्थिक वर्षात. २०२१ ला १३ एप्रिल. २०२२ ला २ एप्रिल आणि २०२३ ला २२ मार्च, परत दोन्ही एकाच वर्षात. २०२४ ला ९ एप्रिल, २०२५ ला ३० मार्च, परत तेच. २०२०-२१ आणि २०२३-२४ या आर्थिक वर्षांत पाडवा आलाच नाही! माणसाने दरवर्षी पाडव्याला पैसे दिले, एकदाही चुकला नाही, आणि आमची शीट त्याला गळालेला म्हणतेय. २५ मार्च २०२० म्हणजे लॉकडाउनचा पहिला दिवस, त्या दिवशीसुद्धा काकांनी यूपीआयने १,१०१ पाठवलेले आहेत, बाहेर सगळं बंद आणि यांनी गुढी उभारून पहिलं काम हे केलं.

पुढचं लिहायला जड जातंय पण नोंद हवी. काका म्हणाले, "मागच्या वर्षी तुमचा मेसेज आला होता, गेल्या आर्थिक वर्षात आपली देणगी मिळाली नाही म्हणून. मी तर पंधरा दिवसांपूर्वीच पाडव्याला दिले होते. वाईट वाटलं, पण मुलांचं काम आहे म्हणून सोडून दिलं." तो मेसेज एप्रिल २०२४ मध्ये मीच पाठवला होता, "२०२३-२४ मध्ये शून्य" असा फिल्टर लावून, ३४० जणांना एकगठ्ठा. मी माफी मागितली. ताईंना सांगितलं, त्यांनी लगेच सत्तावीसही नावांची यादी मागितली आणि संध्याकाळपासून स्वतः फोन करायला बसल्या.

२३ मे

"तिथी" नावाचा कॉलम केला. पंचांगातून २०१७ पासूनच्या तारखा भरल्या: पाडवा, अक्षय तृतीया, गुरुपौर्णिमा, पितृपक्षाचे पंधरा दिवस, दसरा, पाडवा-भाऊबीज, संक्रांत. मग प्रत्येक देणगीची तारीख जवळच्या तिथीशी लावून बघितली. कितीतरी माणसं जी "अनियमित" दिसत होती ती घड्याळासारखी नियमित निघाली. काही जणांची स्वतःच्या घरातली तिथी आहे, वडिलांची पुण्यतिथी वगैरे, ती तारखेने दरवर्षी दहा ते वीस दिवस मागेपुढे सरकते पण तिथीने पक्की एकच, मार्गशीर्ष वद्य अष्टमी म्हणजे अष्टमीच.

अजून एक. जुलै-ऑगस्ट २०२३ मध्ये देणग्या एकदम वाढलेल्या होत्या आणि आम्ही अहवालात लिहिलं होतं की नवीन व्हॉट्सॲप मोहिमेचं यश. तो अधिक श्रावण होता, १८ जुलै ते १६ ऑगस्ट. धोंड्याच्या महिन्यात लोक दान करतातच. मोहिमेमुळेही थोडं आलं असेल पण सगळं श्रेय आपण घेणं बरोबर नव्हतं, तो परिच्छेद दुरुस्त करून विश्वस्तांना पाठवला.

३१ मे, शनिवार

१० बीडी वेळेत भरलं, आज शेवटची तारीख होती. उशीर झाला तर रोज २०० रुपये फी. यावेळी नावं आधीच स्वच्छ असल्याने काकूंचं काम चार दिवसांत झालं, एरवी तीन आठवडे जातात. १० बीईची, म्हणजे देणगीची, प्रमाणपत्रं आता प्रत्येकाला मेल करायची. आतापर्यंत नुसती अटॅचमेंट जायची, यावेळी ज्यांचा कोपरा आहे त्यांना त्यातलं एक वाक्य लिहून. "आपल्या आईंच्या स्मरणार्थ आलेल्या देणगीतून वह्या घेतल्या" एवढंच, पण खरं असलेलं. काय घेतलं ते माहीत नसेल तर लिहायचं नाही.

१६ जून

फोन करायची यादी तयार. निकष असे: पाच किंवा जास्त वर्षं (तिथीप्रमाणे मोजलेली), रक्कम कितीही, कोपऱ्यात काहीतरी कारण, आणि शक्यतो मुलींच्या शिक्षणाशी जोडलेलं. ६१ नावं आली. यातल्या बहुतेकांची एका वर्षाची सगळ्यात मोठी देणगी ५ हजारांच्या आत आहे. विश्वस्त काकांनी यादी बघून विचारलं, यात मोठा कोण आहे? मी म्हटलं, मोठा कोण होऊ शकतो ते यांच्याशी बोलल्यावर कळेल.

मग त्यांनी सुचवलं की नोंदणी खात्याच्या साइटवर इंडेक्स टू (खरेदीखताचा सारांश) बघता येतो, कोणी किती फ्लॅट घेतले कळेल, त्यावरून ऐपत काढा. अमेरिकेत मोठ्या विद्यापीठांत, हॉस्पिटलांत असं करतात, घराची किंमत, शेअर्स, राजकीय देणग्या, सगळं लावून ऐपतीचा अंदाज. मी स्पष्ट नाही म्हटलं. एक तर या माणसांनी पॅन आपल्याला पावतीसाठी दिलंय, त्यावरून त्यांची घरं शोधण्यासाठी नाही, आणि व्यक्तिगत डेटा संरक्षणाचा २०२३ चा कायदा हेच म्हणतो की ज्या कारणाला माहिती घेतली त्याच कारणाला वापरा. दुसरं म्हणजे ऐपत कळून उपयोग काय, तीन फ्लॅटवाल्याचं मन बीडच्या मुलींमध्ये असेलच असं नाही. ताईंनी माझी बाजू घेतली आणि तो विषय संपला. काकांनीही मनाला लावून घेतलं नाही, उलट ६१ पैकी सहा फोन स्वतः घेतले.

४ जुलै

फोनसाठी नियम लिहिले. पहिल्या फोनमध्ये पैसे मागायचे नाहीत. फोनच्या आधी त्या माणसाची पूर्ण ओळ वाचायची, कोपऱ्यासकट. विचारायचं की आमच्याशी ओळख कशी झाली, आणि ऐकायचं. फोन झाल्यावर पाच मिनिटांत लिहून ठेवायचं, त्यांच्याच शब्दांत. जे अगदी खाजगी असेल, आजारपण, घरातली भांडणं, ते शीटमध्ये अजिबात नाही. आणि एका माणसाशी एकानेच बोलायचं, आज मी, उद्या ताई, परवा काका असं नको.

"कै." असलेली नावं दोनदा तपासली. मागे एकदा गेलेल्या माणसाच्या नावाने वाढदिवसाच्या शुभेच्छा गेल्या होत्या, त्यांच्या मुलीने फोन केला तेव्हा मला बोलता आलं नव्हतं.

२२ जुलै

न्यू जर्सीच्या दोन देणगीदारांशी बोलणं झालं. दोघं तिथल्या मराठी मंडळातले, जुने मित्र, दोघांनाही खोलीसाठी द्यायचंय. एकांचा पासपोर्ट अजून भारतीय, त्यांनी स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलं तर ते परदेशी योगदान धरलं जात नाही. दुसरे अमेरिकन नागरिक झालेत, त्यांचे पैसे इथल्या रुपयांच्या खात्यातून आले तरी परदेशी योगदानच, आणि आमच्याकडे परदेशी योगदान घेण्यासाठी लागणारी एफसीआरए नोंदणी नाही, म्हणजे घेताच येत नाहीत. ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या मूळ भारतीयांना मिळतं ते) असून उपयोग नाही. त्यांना हे सांगताना अवघड झालं, ते म्हणाले, "अगं, मी केजचा आहे, माझ्याच तालुक्यातल्या पोरींसाठी." पण घेऊन नंतर संस्था अडचणीत आली तर त्याच पोरींचं नुकसान. शीटमध्ये "नागरिकत्व" कॉलम टाकला, परदेशातला पत्ता असेल तर आधी हे विचारायचं मग खाते क्रमांक द्यायचा.

९ ऑगस्ट

मिरजेला जाऊन आले. प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेल्या बाई, यादीत त्यांची ओळ अशी: २०१७ पासून दरवर्षी पितृपक्षात, सुरुवातीला ५०१, आता २,००१, कोपरा "सासूबाईंसाठी". आरएफएममध्ये त्या दोन हजारांतल्या अठराशेव्या वगैरे होत्या.

बाईंनी पोहे केले होते. सासूबाईंसाठी का, असं विचारलं तर म्हणाल्या की त्यांचं लग्न झालं तेव्हा त्या नुकत्या मॅट्रिक होत्या, डीएडला नंबर लागला होता आणि सासरे नको म्हणत होते, तर सासूबाईंनी, ज्यांना स्वतःला सही येत नव्हती, त्यांनी सांगितलं की सून शिकायला जाणार, घरचं मी बघते. "माझी पेन्शन त्यांची आहे बघ," असं म्हणाल्या.

मग मी बांधकामाचा नकाशा दाखवला. पैशांचं मी काहीच बोलले नव्हते. त्यांनी चष्मा लावून न्हाणीघरावर बोट ठेवलं आणि विचारलं, "याला आतून कडी आहे का? आणि रात्री जायला दिवा? शाळेत असताना आमच्या मुली दिवसभर पाणी प्यायच्या नाहीत, मुतारीला कडी नव्हती म्हणून." नकाशात न्हाणीघरं इमारतीच्या मागे, अंगण ओलांडून होती. मी फोटो काढून तिथूनच इंजिनिअरना पाठवला.

निघताना त्यांनी विचारलं, एका खोलीला किती लागतं. मी म्हटलं न्हाणीघरासकट साधारण ५ लाख. बाई म्हणाल्या, एफडी डिसेंबरला सुटते, पण मुलाला विचारून सांगते. मी म्हटलं नक्की विचारा, घाई नाही. परत येताना एसटीत सगळं लिहून काढलं.

२६ ऑगस्ट

६१ पैकी ५४ फोन झाले. काही जणांना बोलायचं नव्हतं, त्यांची नोंद "फोन नको, फक्त पत्र" अशी. बाईंचा फोन आला, मुलगा हो म्हणाला, तोच पुढच्या आठवड्यात ऑफिसला येऊन बघून जाणार. हे फार बरं झालं, म्हाताऱ्या माणसाकडून मोठी रक्कम घेताना घरच्यांना माहीत असलंच पाहिजे, हा आता लेखी नियम केलाय.

इंजिनिअरनी न्हाणीघरं खोल्यांना लागून घेतली. खर्च ३८ वरून ४१ वर गेला. विश्वस्तांनी मंजूर केलं.

७ सप्टेंबर

उद्यापासून पितृपक्ष, २१ ला सर्वपित्री. स्मरणार्थ देणाऱ्या १८० जणांना यावेळी मागणीचं पत्र न पाठवता फक्त मागच्या वर्षी त्यांच्या पैशातून काय झालं ते कळवलं, हाताने सही करून. तिथी जुळतेय तिथे तिथीच्या तीन दिवस आधी पोचेल असं बघितलं.

२५ सप्टेंबर

मराठवाड्यात अतिवृष्टी, सीनेला पूर, बीड, धाराशिव, सोलापूर सगळीकडे शेतं पाण्याखाली. वसतिगृहाच्या आवारात पाणी आलं होतं, ओसरलं, धान्याची १४ पोती गेली. बांधकामाचं सगळं बोलणं थांबवलं. पूरमदतीसाठी लोक आपणहून पैसे पाठवतायत, चार दिवसांत २९० नवीन नावं. त्यांना "पूर २०२५" असा शिक्का लावून वेगळं ठेवतेय, हे पैसे पूरमदतीलाच वापरायचे आणि हिशेब त्यांना तीस दिवसांत द्यायचा. कोविडच्या वेळी हेच केलं नाही, सगळ्यांना मुख्य यादीत घातलं आणि वसतिगृहाची पत्रं पाठवत राहिलो.

२७ ऑक्टोबर

दिवाळी झाली, टोळ्या निघाल्या. यंदा उचल घेतलेलीच जास्त कारण सोयाबीन पाण्यात गेलं. वसतिगृहात नेहमीपेक्षा २२ मुलं जास्त. पूरमदतीचा हिशेब २९० जणांना गेला, बिलांच्या फोटोंसकट. त्यातले ३६ जण भाऊबीजेच्या सुमारास परत देऊन गेले, कोणी मागितलं नव्हतं.

१९ नोव्हेंबर

डेटा संरक्षण कायद्याचे नियम या महिन्यात अधिसूचित झाले. आमची छोटी संस्था, पण नवीन देणगी फॉर्मवर साध्या मराठीत लिहिलंय की तुमची माहिती पावतीसाठी आणि कामाची खबर देण्यासाठी वापरू, नको असेल तर खूण करा. जुन्या पावतीपुस्तकांचं कपाट आता कुलपात.

८ डिसेंबर

मिरजेच्या बाईंचा चेक आला, ५ लाख, सोबत हाताने लिहिलेलं पत्र की रक्कम बांधकामासाठी. कॉर्पससाठी (कायम निधीसाठी) नाही हे पत्रात स्पष्ट हवं असं आम्हीच सांगितलं होतं, कॉर्पस म्हणून आली असती तर ती गुंतवून ठेवावी लागली असती. नाव लावायचं का विचारलं तर म्हणाल्या, माझं नको, सासूबाईंचं पहिलं नाव फक्त, आडनाव नको.

नाशिकच्या काकांनी आणि त्यांच्या बँकेतल्या जुन्या सहकाऱ्यांनी मिळून ३ लाख १ हजार जमवलेत. त्यांनी स्वतः विचारलं होतं, काय कमी पडतंय. भारतीय पासपोर्टवाल्या न्यू जर्सीकरांचे २ लाख. पहिल्या पगारापासून देणाऱ्या त्या १९ जणींपैकी पाच जणींनी मिळून एका न्हाणीघराचा खर्च उचलला. आतापर्यंत साडेअकरा लाख, सगळे जुन्या पावतीपुस्तकांतले. उरलेल्यासाठी दोन कंपन्यांशी सीएसआरचं बोलणं चालू आहे. पाया भरून झालाय.

२२ डिसेंबर

मी एप्रिलपासून बीडलाच राहायला जातेय, शीट नवीन मुलीकडे देणार. तिच्यासाठी शेवटची नोंद, पहिल्या पानावर लाल अक्षरात टाकलीये:

पाडवा २०२६ मध्ये १९ मार्चला आहे आणि २०२७ मध्ये ७ एप्रिलला. म्हणजे २०२६-२७ या आर्थिक वर्षात पाडवा येत नाही. एप्रिल २०२७ मध्ये फिल्टर लावशील तेव्हा नाशिकचे काका आणि अजून २६ जण शून्य दिसतील. त्यांना मेसेज जाऊ देऊ नकोस, ते देऊन मोकळे झालेले असतील किंवा त्याच आठवड्यात देणार असतील. आणि १७ मे ते १५ जून २०२६ अधिक ज्येष्ठ आहे, त्या महिन्यात देणग्या वाढतील.